ऐन

शरच्चंद्रआप्पांनी मुलाचा हात झटकला आणि गुहेच्या दुसऱ्या पायरीवर पाय टेकवला.

"पायऱ्या मोजता येतात मला," ते म्हणाले. "चाळीस वर्षं लोकांच्या विहिरीत उतरलोय."

वरुणने हात मागे घेतला, पण फार मागे नाही. आप्पांच्या मुठीत त्यांची जुनी विजेरी होती. भूजल सर्वेक्षणातून निवृत्त होताना बाकी सगळं त्यांनी कार्यालयात जमा केलं होतं, ही मात्र घरी आणली होती. पुण्याहून वरुणकडे बहरीनला व्हिजिट व्हिसावर निघताना बॅगेत आधी ती गेली, मग औषधं. गुहेत भिंतीला दिवे लावलेले होते, तरी विजेरी चालूच होती.

वर ऐन जूनचं ऊन होतं. ज्या बेटाच्या पाठीवर एकही नदी नाही, त्याच्या पोटातून मात्र एक वाहते आणि ती तिकीट काढून बघता येते, हे कळल्यापासून आप्पांना दुसरं काही सुचत नव्हतं. पण यायचं ते ऑपरेशन झाल्यावर, स्वच्छ डोळ्यांनी, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. घाई केली ती वरुणने. आज सुट्टी आहे, घरून, जुफैरहून, फार लांब नाही, नंतर उन्हाळा वाढेल, अशी एकामागून एक कारणं त्याने काढली. खरं कारण त्याच्या पोटातच राहिलं.

मंगळवारी डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं होतं. काचबिंदूने नस वाळली आहे, म्हणाले. गेलेली नजर ऑपरेशनने परत येत नाही, आणि उरली आहे तीही फार दिवसांची नाही. बाहेरच्या खुर्चीवर आप्पा ताठ बसले होते. वरुण त्यांना म्हणाला, "प्रेशर जरा उतरलं की तारीख देतील." इतकं सफाईदार खोटं आपल्या तोंडून निघतं, याचीच त्याला त्या क्षणी भीती वाटली.

"हात लाव इथे," आप्पा म्हणाले. त्यांनी विजेरीचा झोत भिंतीवर टाकला होता, पण बघत होते ते तळहाताने. "चुनखडक. पाण्याने खाल्लेला. दातांच्या खुणा लागतील बघ."

वरुणने हात लावला. खडक गार होता आणि कोरडा होता.

त्यांच्या मागून गुहेचा म्हातारा बहरीनी रखवालदार येत होता. तिकीट खिडकीशी वरुणने त्यालाच गाठलं होतं. डोळ्याला अरबीत ऐन म्हणतात, एवढं त्याला दवाखान्यात ऐकून ऐकून पाठ झालं होतं. त्याने आप्पांकडे बोट दाखवून "बाबा, ऐन..." म्हटलं होतं आणि नकारार्थी हात हलवला होता. म्हाताऱ्याने समजून मान डोलावली होती आणि बिचारा आपणहून सोबत निघाला होता.

पायऱ्या संपल्या. तळाशी लोखंडी कठडा होता आणि कठड्यापलीकडे काळोख. आप्पांनी विजेरी खाली रोखली, मग मान वळवून कान पुढे केला. बराच वेळ ते तसेच उभे राहिले.

रखवालदार खाकरला.

"ऐन खलास, बाबा," तो म्हणाला.

वरुणने गर्रकन वळून रखवालदाराकडे बघितलं. गाढवाला एवढीही अक्कल नसावी? तोंडावर, असं? आपल्याला जे इतके दिवस जमलं नाही, ते याने दोन शब्दांत उरकून टाकलं.

विजेरीचा झोत जागच्या जागी थांबला.

"कधीपासून?" आप्पांनी विचारलं. आवाज अगदी शांत होता.

"मंगळवारपासून," वरुण म्हणाला, आणि मग त्याला थांबताच येईना. "म्हणजे मला मंगळवारी कळलं, आप्पा. नस वाळलीय. ऑपरेशन होणार नाही. तारखेचं मी खोटंच सांगितलं. मी सांगणार होतो तुम्हाला, रोज सांगणार होतो."

बाप-लेकाचे चेहरे बघून रखवालदाराला वाटलं, लांबून आलेली माणसं, हिरमुसली. तो कठड्यावरून वाकला आणि आपल्या मोडक्या हिंदीत समजूत घालू लागला.

"पहले बहुत पानी, बाबा. इधर तक. अब मफी, कुछ नहीं. सब खलास."

वरुणने खाली बघितलं. तिथे नदीच्या पात्रात गोटे होते, आणि त्यांवर धूळ होती.

"ऐन म्हणजे झराही," आप्पा म्हणाले. "इथल्या नकाशात प्रत्येक झऱ्याच्या नावाआधी लिहिलेलं असतं." ते जरा थांबले. "मी पाण्याचं विचारत होतो."

वरुणला रडायचं होतं आणि परक्या माणसासमोर ते होईना. आप्पांनी विजेरी आधी छताकडे फिरवली, मग पात्राकडे, मग स्वतःच्या तळहातावर धरून ठेवली. झोत डोळ्यांच्या अगदी जवळ आणला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

मग त्यांनी बटण दाबून ती विझवली.

"सेल उगाच जळतायत," म्हणत त्यांनी ती वरुणच्या दिशेने पुढे केली. वरुणने ती घेतली, तरी त्यांचा हात खाली गेला नाही. तसाच पुढे राहिला, बोटं किंचित उघडी.

"चल," ते म्हणाले. "पायऱ्या तू मोज."