खालच्या वळणाची माती

शिंपीणबाईंचं घर नदीच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला होतं, आणि नदी रोज त्यांच्या परसाचा घास घेत होती. बाईंच्या जिवाला थारा नव्हता. दोन टाके घातले की उठायचं, मागच्या भिंतीपासून काठापर्यंत पावलं मोजायची. पूर्वी एकतीस भरायची, आता जेमतेम तीन. गिऱ्हाइकांच्या बाह्या उलट्या जोडल्या जाऊ लागल्या.

समोरच्या काठाला, वळणाच्या आतल्या अंगाला धाकटी बहीण राहायची. तिच्या दारापुढे मात्र गाळाची पट्टी दरसाल रुंदावत होती. तिने त्यात कलिंगडं लावली, तेव्हा बाईंचं डोकं फिरलं. "माझं परस गिळून बसलीय," असं चारचौघांत म्हणून त्यांनी बोलणं टाकलं. त्याला दोन वर्षं झाली.

यंदा नदीची पाहणी करायला एक मोजणीदार आला. बाईंनी त्याला पाणी दिलं आणि आडून आडून समोरच्या पट्टीचा विषय काढला. त्याने समजावलं, की वळणाच्या बाहेरून पाणी जोरात धावतं, काठ कापतं. आतून ते मंदावतं आणि ओझं टाकून देतं.

"म्हणजे माझंच ओझं तिच्या दारात," बाई म्हणाल्या.

"नाही हो मावशी. तुमची माती सहसा आडवी पार जात नाही. ती खाली वाहते आणि पुढच्या वळणाला तुमच्याच काठाला बसते. तिच्या दारातली माती वरच्या वळणाची."

बाईंना मशीनवर बसवेना. त्यांनी नावाड्याला गाठलं आणि आधी खाली जायला लावलं. पुढच्या वळणाला खरंच नवी, ओली पट्टी पसरली होती. तिथून त्या तडक बहिणीच्या दारात.

धाकटी कपडे वाळत घालत होती. बाईंनी तोंडात घोळवलेली माफी काही बाहेर पडेना.

"ही माती वरची आहे म्हणे," एवढंच म्हणाल्या.

"असेल. तुझी भिंत आता काठाला आलीय, ताई. मी इथून रोज बघते. मशीन कधी आणतेस?"

आठ दिवसांत मशीन, दारं, खिडक्या नावेतून पार झाली. पंधरवड्याने मागची भिंत नदीत बसली. खालच्या वळणाची नवी पट्टी अजून कच्ची म्हणून बाईंनी बहिणीच्याच घरात, जुन्या उंच जमिनीवर बस्तान मांडलं. पण मशीन कधी खिडकीशी, कधी दाराशी, कधी ओसरीत. चौथ्यांदा उचलायला बोलावलं, तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, नदी तरी एका जागी वर्षभर टिकते."