सातच्या नावावर

सात नंबरच्या मशीनच्या डब्यातले स्क्रू सैल करून त्याने दोन्ही तारा उपटल्या, टोकं एकमेकांना लागू नयेत म्हणून वाकवली आणि दाराकडे तोंड करून ओरडला,

"वहिनी, सातला काय दिसतंय?"

काचेपलीकडच्या खोलीत पडद्यासमोर बसलेल्या वहिनीने मान पुढे काढली.

"सदतीस पॉइंट सहा."

"नीट बघा. नुसत्या रेघा आल्या असतील."

"भाऊजी, मला आकडे वाचता येतात. सदतीस पॉइंट सहा. आता पॉइंट आठ झालं."

हातातल्या तारांकडे तो बघत राहिला. सात नंबरचं मशीन लाइनवरून तुटलं होतं. त्याचा आकडा पडद्यावर दिसायला नको होता, आणि तो तर चांगला हलत होता.

अंडी उबवणारी बारा मशिनं त्या लांबट शेडमध्ये दोन ओळींत उभी होती. सगळी दोन तारांच्या एकाच लाइनवर. पडदा एकेकाला नंबराने हाक मारायचा आणि त्या नंबराच्या डब्यातल्या कंट्रोलरने आपल्या मशीनची उष्णता सांगायची, शाळेतल्या हजेरीसारखं. सातचा हीटर अधूनमधून अडकायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आकडा चढला की कामावरच्या माणसाने जाऊन तो हाताने बंद करायचा. परवा तो बंद झाला नाही. दार उघडलं तेव्हा अकरा हजार अंडी वाया गेलेली होती.

वहिनी सांगत होती, पडद्यावर शेवटपर्यंत सदतीसच होतं. मॅनेजर म्हणत होता, लक्ष नव्हतं. जुना पडदा मागचं काही साठवून ठेवत नाही, त्यामुळे साक्षीला कोणी नव्हतं. वहिनीची एकोणीस वर्षांची नोकरी मॅनेजरच्या हातातल्या एका कागदावर येऊन थांबली होती. बारा वाजता मालक येणार होते. त्याआधी बिघाड सापडला तर ठीक, नाहीतर त्या कागदावर सही करून वहिनीने घरी जायचं होतं.

सव्वाअकरा झाले होते.

"म्हणजे काय?" मॅनेजर दारात येऊन उभा राहिला. "बरोबर दाखवतोय की नाही पडदा?"

"सात गप्प आहे, साहेब. त्याच्या नावावर दुसरंच कोणी हजेरी देतंय."

"भुताटकी आहे का इथे?"

वहिनी खुर्चीतून अर्धी उठली. "मी हेच सांगत होते ना? परवापासून घसा कोरडा केला मी!"

"बसा," मॅनेजर म्हणाला. "अजून काही सिद्ध झालेलं नाही."

मग वहिनीचा दीर एकेक मशीन लाइनवरून काढत गेला. बारा काढलं, वहिनी ओरडली, "बाराला रेघा!" अकरा काढलं, अकराला रेघा. त्याला आता हुरूप आला होता. या वहिनीने त्याला शिकत असताना सहा वर्षं स्वतःच्या ताटातलं वाढलं होतं, आणि इथलं देखभालीचं कामही तिनेच शब्द टाकून मिळवून दिलं होतं. तिची बाजू खरी निघतेय, तीही आपल्या हातून, याचा त्याला मनापासून आनंद झाला. शेवटी एक नंबरचं काढलं तेव्हा पडद्यावर अकरा ओळी रेघांच्या होत्या आणि सातला सदतीस पॉइंट सात.

त्याने तारेचा माग काढला. लाइन बारा मशिनांवर संपत नव्हती. पडद्याच्या खोलीच्या भिंतीला लागून, रिकाम्या ट्रेच्या थप्पीआड, तेरावं मशीन गुणगुणत होतं. ऑर्डर वाढल्या की तेवढ्यापुरतं चालू करायचं, पडद्याच्या यादीत अजून न घातलेलं.

डब्याचं झाकण उघडायच्या आधीच त्याला आठवलं.

हे मशीन लाइनवर त्यानेच जोडलं होतं. त्या दिवशी सात धुण्यासाठी बंद होतं, म्हणून चाचणीपुरता त्याने तेराला सातचा नंबर दिला. आकडा पडद्यावर आला, काम झालं, हत्यारं पिशवीत गेली. नंबर परत बदलायचा राहिला. तेरा पडद्याच्या जवळ, नवं, चटपटीत. दोघांनी एकदम ओ दिली की याची आधी पोचायची, आणि पडदा पहिली ओ खरी मानायचा.

कंट्रोलरच्या छोट्या खिडकीत सात दिसत होता. बटण सहा वेळा दाबलं की तेरा. मग "तार सैल होती" म्हणायचं. वहिनी सुटली असती, तोही सुटला असता. ट्रेच्या थप्पीआड त्याला कोणीच बघत नव्हतं. त्याचं बोट बटणावर गेलं, टेकलं, आणि तिथेच थांबलं.

"भाऊजी, सापडलं का हो?"

तिच्या आवाजात इतकी आशा होती की त्याला स्वतःची लाज वाटली.

"सापडलं. दोघंही इकडे या."

मॅनेजरने वाकून खिडकीतला आकडा पाहिला. "हा नंबर कोणी घातला?"

"मी."

मॅनेजरने हातातला कागद चार घड्या करून खिशात टाकला. "बाई, तुम्ही कामाला लागा." मग तो दिराकडे वळला. "तुमचं काय करायचं ते मालक ठरवतील."

वहिनीचा जीव भांड्यात पडला होता, पण डोळ्यांत संताप मावत नव्हता. "घरचं माणूस म्हणून तुमचं नाव सुचवलं मी. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या!"

"चुकलो, वहिनी."

"कधी केलंत हे?"

"अडीच महिने झाले असतील."

ती आणखी काही बोलणार होती. मध्येच तिने बोटांवर महिने मोजले. तिने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर घड्याळ बघू लागला.

"लंबूला कामावरून काढलं त्याला दोन महिने झाले," ती हळू म्हणाली.

लंबू म्हणजे दुसऱ्या पाळीचा माणूस. त्याच्या वेळीही सातमधलीच अंडी गेली होती आणि पडद्यावर सदतीस होतं असं तोही कळवळून सांगत होता. तेव्हा तपासायला कोणालाच बोलावलं नाही. जुन्या अनुभवी बाई म्हणून वहिनीला विचारलं, पडदा चुकतो का? तिने लिहून दिलं, एकोणीस वर्षांत कधी चुकला नाही.

"तो विषय संपला," मॅनेजर म्हणाला. "उगाच उकरून काढू नका."

वहिनीने खुर्चीवरची पिशवी उचलली. मालकांची गाडी फाटकात वळताना काचेतून दिसत होती.

"मालकांना आधी सांगू. मग लंबूच्या घरी जाऊ," ती म्हणाली. "तुम्ही तुमचं सांगा, भाऊजी. मी माझं सांगते."