पांढऱ्यावर पांढरी कड

साळूबाईच्या पायाचं बोट काढलं त्या दुपारी एस्तेरबाई दवाखान्यातून केडगावला परतल्या आणि चपला न काढता तशाच घरात शिरल्या. जन्मभर पाहुण्यांनासुद्धा उंबऱ्याबाहेर चपला काढायला लावणारी बाई ती. फरशीवर चपला वाजल्या तेव्हाच अँड्र्यूला कळायला हवं होतं. पण त्यांचा हा मुलगा कानात इअरफोनची बोंडं घालून कॉम्प्युटरसमोर बसला होता.

एस्तेरबाईंनी एका कानातलं बोंड उपटून टेबलावर टाकलं.

"कशी आहे साळूमावशी?" त्यानं विचारलं.

"बोट गेलं. पाय वाचेल म्हणतात. आता मला दाखव, शुगर मुळापासून घालवणारा तो काढा तुझ्या 'सीनाकाठ'वर कुठं आहे?"

"असलं काही आपण छापत नाही, मम्मी."

"रेश्मानं तिला वाचून दाखवलंय. 'नगरच्या आजींनी शुगरच्या गोळ्या फेकून दिल्या.' मग हिनंही फेकल्या. पोळ्यापासून गोळी घेतली नाही तिनं, काढा पीत बसली. सासूसुना दोघी भरवशावर बसल्या. कुणाच्या भरवशावर? आपल्या."

अँड्र्यूनं दुसरं बोंडही काढलं. "ती जाहिरात असणार," तो हळूच म्हणाला.

'सीनाकाठ' आता अँड्र्यू वेबसाईट म्हणून चालवत होता, पण मूळचं हे साप्ताहिक एस्तेरबाईंच्या दिवंगत नवऱ्यानं, शलमोन सरांनी काढलं होतं. दिवसा शाळा, संध्याकाळी छापखाना. एकेक खिळा जुळवून पान उभं करायचं आणि शुक्रवारी रात्रभर छापायचं. शनिवारच्या पहिल्या एसटीनं गठ्ठे गावोगाव जायचे. त्या छापखान्याचा वास एस्तेरबाईंना अजून येई. शाई, रॉकेल, आणि सरांच्या शर्टाला चिकटलेला बिडीचा धूर, जो ते आपला नाहीच म्हणायचे.

सरांचा एक नियम होता आणि त्यापुढे ते कुणाचं चालू देत नसत. जाहिरातीभोवती चारी बाजूंनी काळी, जाड चौकट. त्यासाठी पितळी पट्ट्या त्यांनी वेगळ्या डब्यात ठेवलेल्या असत आणि तो डबा स्वतः पुसत. कापडबाजारातला एक मोठा व्यापारी एकदा म्हणाला होता, "सर, आमचं तेवढं चौकटीविना घ्या. बातमीसारखं दिसू द्या." सरांनी त्याला चहा पाजला आणि जाहिरात त्याच्याच खिशात घालून परत पाठवलं. तो वर्षभर नमस्कार करत नव्हता. सर मात्र मुद्दाम रस्ता ओलांडून त्याला सलाम करून येत.

त्याच सुमाराला एस्तेरबाई सुप्याच्या अलीकडच्या एका वाडीत बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायच्या. पुस्तकं वेळेवर येत नसत, म्हणून 'सीनाकाठ'च वाचायला घ्यायचा. अक्षरांच्याही आधी त्यांनी बायकांना चौकट शिकवली. चौकटीतलं आहे ते कुणीतरी पैसे देऊन छापून घेतलंय, ते वाचायचं पण मानायचं नाही. चौकटीबाहेरचं सरांनी तपासलंय, ते मानायचं. साळूबाई त्या वर्गात सगळ्यात मागे बसायची. कांद्याच्या रानातून तशीच यायची, हाताला माती. अक्षरं तिच्या डोक्यात फारशी टिकली नाहीत, पण चौकट टिकली. अंक आला की आधी ती चौकटीवर बोट टेकवायची आणि म्हणायची, "हे इकत घेतलेलं." मग शेजारच्या मजकुरावर बोट ठेवायची. "आन् हे सायबाचं."

एस्तेरबाईंचा संताप होत होता तो या आठवणीनं. आज दवाखान्यात साळूबाई त्यांचा हात धरून म्हणाली होती, "बाई, मी यडी न्हाई. मी इचारलं हुतं रेश्माला. म्हनलं, चौकट हाय का गं? ती म्हनली, न्हाई आत्याबाई. दोनदा इचारलं. मग काढा मागिवला."

रेश्मा, तिची सून, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून पदर चावत होती. एस्तेरबाई तिला एक शब्द बोलू शकल्या नाहीत. पोरगी खोटं कुठं बोलली होती?

अँड्र्यूनं पान उघडलं. बातम्यांची यादी होती. केडगावचं पाणी, सुप्याच्या कारखान्यातली भरती, शनिशिंगणापूरची गर्दी. आणि या सगळ्यांच्या मध्ये, तशाच अक्षरात, तशाच रंगात, 'सांधेदुखीवर गावठी उपाय, डॉक्टरही थक्क'.

"ही जाहिरात आहे?"

"हो. पण मम्मी, कुठली जाहिरात यायची ते माझ्या हातात नसतं. कंपनी परस्पर पाठवते. उद्या दुसरीच दिसेल. मी काढा निवडला नाही."

क्षणभर एस्तेरबाईंचा राग त्या न पाहिलेल्या कंपनीकडे वळला. कुठं असेल, कोण असेल. पोरगा तरी काय करणार, असंही मनात येऊन गेलं. त्या उठणारच होत्या, तेवढ्यात त्यांची नजर पुन्हा त्या मथळ्यावर गेली आणि तिथंच अडकली.

तांबडा रंग. साधा तांबडा नव्हे. नाताळ अंकाच्या मुखपृष्ठासाठी सर दोन शाया मिसळून जो रंग करायचे तो, पिकल्या करवंदाकडे झुकणारा. अँड्र्यूनं वेबसाईट काढली तेव्हा जुना अंक समोर ठेवून तो रंग बातम्यांच्या मथळ्यांसाठी घेतला होता, आणि त्या दिवशी एस्तेरबाईंचे डोळे भरून आले होते.

"कंपनी कुठली आहे म्हणालास?"

"परदेशातली."

"मग तिला आपल्या नाताळ अंकाचा रंग कसा ठाऊक?"

अँड्र्यूनं पान खाली सरकवलं.

"अँड्र्यू, मी पोरांच्या वह्या तपासण्यात आयुष्य घालवलंय. कुणी कुणाचं उतरवलं ते मला कळतं."

त्यानं नाइलाजानं दुसरं एक पान उघडलं. जाहिरात कशी दिसावी ते ठरवायचं पान. मथळ्याचा रंग, मजकुराचा रंग, अक्षराचा प्रकार, मागचा रंग, कड. कंपनीनं प्रत्येक गोष्ट निवडायला दिली होती आणि अँड्र्यूनं प्रत्येक गोष्ट निवडली होती. मन लावून निवडली होती. बापासारखीच.

"म्हणजे आत काय यायचं ते तुझ्या हातात नाही. दिसायचं कसं ते आहे."

"कड आहे, मम्मी. मी ती काढलेली नाही."

"कुठं आहे?"

"पांढरी आहे."

"पांढऱ्या कागदावर?"

"सगळेच तसं करतात," अँड्र्यू म्हणाला. त्याचाही आवाज आता चढला होता. "चौकट दिसली की लोक बोटच लावत नाहीत. डोळा आपोआप पुढं जातो."

"जावा म्हणूनच होती ती."

"आणि वर 'जाहिरात' असं लिहिलंय की."

एस्तेरबाईंनी चष्मा चढवला, नाक काचेला लागेपर्यंत वाकल्या. मुंगीएवढी, राखेच्या रंगाची अक्षरं. "हे तुला दिसतं?"

"दिसतं."

"कारण तुला ठाऊक आहे कुठं बघायचं ते. चौकट काळी कर."

"असं लगेच नाही करता येत. साईट या जाहिरातींच्या पैशावरच चालते, मम्मी. ती बंद पडली तर पप्पांचं नावही जाईल." त्यानं पानाच्या माथ्याकडे बोट दाखवलं. तिथं लिहिलं होतं, संस्थापक: शलमोन सर. "नाताळात लोक जास्त येतात. नाताळ होऊ दे, मग बघतो."

"म्हणजे ख्रिस्तजन्मापर्यंत फसवायचं आणि मग सोडायचं?"

"तू ना, कशाचंही उपदेशात करतेस."

त्यानं कानात बोंडं परत घातली. एस्तेरबाई थोडा वेळ त्याच्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या. या पाठीवर त्यांनी लहानपणी क्वचितच हात उगारला होता. आज त्यांना तो मोह झाला.

पण एक गोष्ट त्यांच्या हातात होती. दर रविवारी 'सीनाकाठ'वर त्यांचं 'जुनं नगर' हे सदर यायचं. टांगेवाले, बुरूडगल्ली, थिएटरातली शेंगदाण्याची टरफलं, असं काहीबाही. जुनी माणसं ते नातवंडांकडून वाचून घेत. एस्तेरबाई मोबाईलवर बोलून मजकूर तयार करत आणि अँड्र्यूला पाठवत. तो न वाचताच चढवायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आजवर त्याचं वाईट वाटायचं. या वेळी त्यांनी त्याचाच उपयोग करून घेतला.

आधी साळूबाईला फोन लावला. "तुझ्या पायाचं लिहू का गं?"

"लिवा की. नावासकट लिवा. न्हाईतर लोकं म्हनतील बाईनं मनाचं रचलं."

रविवारी उपासना आटोपल्यावर अँड्र्यू स्वतःहून म्हणाला, "चल, मावशीला भेटून येऊ." साळूबाई एव्हाना घरी आली होती. वाटेत त्यानं मोसंबी घेतली. शुगरवालीला मोसंबी, असं एस्तेरबाईंच्या ओठावर आलं, पण त्या त्याच्याशी बोलतच नव्हत्या.

वाडीत साळूबाई ओसरीवर बाजेवर बसली होती, पट्टी बांधलेला पाय उशीवर. तिनं अँड्र्यूच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "किती वाळलास रं. बाई, ह्याला जेवायला घालता का लेखच ऐकवता?"

"बरं झालं आलात," रेश्मा म्हणाली. "बाईंचं आजचं आलंय. आत्याबाईंना वाचूनच दाखवणार होते."

"वाच," एस्तेरबाई म्हणाल्या आणि मुलाकडे पाहिलं.

रेश्मा चांगली वाचायची, शाळेत कविता म्हणावी तशी, सपाट आणि स्वच्छ. शलमोन सरांचा डबा आला, पितळी पट्ट्या आल्या, कापडबाजारातला व्यापारी आला. साळूबाई हसली. अँड्र्यूही हसला. मग साळूबाईचं नाव आलं, तिचं बोट आलं, आणि त्याचं हसू गेलं. रेश्मा वाचत होती.

"'म्हणून माझ्या जुन्या वाचकांनो, मी तुम्हाला शिकवलेला नियम आज मीच मागे घेते. सीनाकाठवर चौकट उरलेली नाही. चौकट नाही म्हणून कशावरही विश्वास ठेवू नका.'" तिनं श्वास घेतला, अंगठ्यानं पान वर सरकवलं आणि त्याच आवाजात पुढं वाचलं. "'शुगर कायमची विसरा. सकाळी फक्त एक चमचा. नगर जिल्ह्यातल्या घराघरांत विश्वासाचं नाव. आजच मागवा.'" आणि न थांबता, "'मी हे रागानं लिहिते आहे, आणि राग...'"

"थांब," साळूबाई म्हणाली. ती एस्तेरबाईंकडे मोठ्या आशेनं बघत होती. "बाई, ह्यो दुसरा काढा का? ह्यो चांगला हाय व्हय? तुमी लिवलाय म्हंजी चांगलाच आसंल."

गोठ्यात म्हशीनं शेपूट आपटलं.

एस्तेरबाईंना वाटलं, आपल्या तोंडात कुणीतरी हात घालून जीभ हलवली. इतक्या वर्षांत या बाईसमोर त्यांनी एक खोटा शब्द उच्चारला नव्हता. आणि आज त्यांच्याच लेखात, त्यांच्याच वाक्याला चिकटून, त्यांच्याच नवऱ्याच्या रंगात तो काढा येऊन बसला होता.

त्यांनी रेश्माच्या हातातून मोबाईल घेतला आणि अँड्र्यूपुढे धरला. आवाज अजिबात चढवला नाही.

"माझं कुठं संपतं आणि त्यांचं कुठं सुरू होतं, मावशीला बोट लावून दाखव."

अँड्र्यूनं मोबाईल घेतला. पान खाली नेलं, वर आणलं. त्याचं बोट एका ओळीवर टेकलं, उचललं, पुढच्या ओळीवर गेलं. ज्यानं पांढऱ्यावर पांढरी कड लावली होती, त्यालाच ती उन्हात सापडेना. साळूबाई वाट बघत होती. तिला अजून वाटत होतं की तो काढ्याचं नाव शोधतोय.

"मावशी, हे मम्मीनं नाही लिहिलं," तो शेवटी म्हणाला.

"मग कुनी?"

"हे... विकत घेतलेलं आहे."

"आन् चौकट?"

तो ओसरीच्या पायरीवर बसला आणि स्वतःचा मोबाईल काढला. एस्तेरबाई त्याच्या मागे उभ्या राहिल्या, परीक्षेत राहतात तशा. त्यानं ते निवडायचं पान उघडलं. कडेसाठी राखी रंग धरला.

"काळा."

त्यानं काळा केला.

"आणि मथळ्याचा तो तांबडा काढ. तो त्यांचा नाही."

तोही काढला. बदल दिसायला थोडा वेळ लागला. रेश्मानं दोन-तीनदा पान नव्यानं उघडलं, आणि मग लेखाच्या मधोमध, चारी बाजूंनी काळ्या रेषेत कोंडलेला तो काढा दिसला. ती मोबाईल सासूजवळ घेऊन गेली. साळूबाईनं डोळे बारीक केले आणि कांद्यानं फाटलेलं बोट काळ्या रेषेवर टेकवलं.

"हे इकत घेतलेलं," ती म्हणाली. मग तिनं मान वळवून आपल्या पायाकडे पाहिलं.

अँड्र्यू उठला. "झालं ना, मम्मी? पप्पांच्या वेळेसारखं."

"झालं नाही. सरांचं नाव काढ."

"आता कशाला? चौकट केली की."

"त्यांचं नाव होतं म्हणून हिनं गोळ्या फेकल्या. काढ."

"परत कधी लावू?"

"हिचं बोट उगवलं की."

रेश्मा चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती तिथंच थबकली. साळूबाईनं बाजेवर हात आपटला. "बाई, आता बास करा. पोराला च्या तर पिऊ द्या."

"पिऊ दे की," एस्तेरबाई म्हणाल्या आणि मुलाच्या हातातल्या मोबाईलवरची नजर त्यांनी हलवली नाही. "आधी नाव काढू दे."