गुंडीची नजर

धंद्याच्या नियमानं ही गोष्ट अशी सुरू व्हायला हवी: "या बाळानं आयुष्यात पहिल्यांदा चष्मा लावला आणि पुढे जे झालं ते पाहून डॉक्टरांनाही रडू आवरलं नाही." हे वाक्य मी खरंच लिहून ठेवलं होतं, तेही चष्मा लागायच्या आदल्या दिवशी. प्रत्यक्षात डॉक्टरांना रडूबिडू काही आलं नाही. त्यांनी चष्म्याचा पट्टा फार घट्ट तर नाही ना ते पाहिलं आणि पुढच्या पेशंटला आत पाठवायला सांगितलं.

मी व्हिडिओंची सुरुवात लिहितो. फक्त सुरुवात. पुढचं कोण लिहितं ते मला ठाऊक नसतं, आणि खरं सांगायचं तर पुढचं फारसं कुणी बघतही नाही. माणूस अंगठ्यानं पडदा वर सरकवत असतो, त्या अंगठ्याला अडवायचं एवढंच माझं काम. आमच्याकडे याला हुक म्हणतात. पाण्याच्या टाक्या धुणाऱ्या कंपनीसाठी "आज सकाळी तुम्ही काय प्यायलात, ते बघायची हिंमत आहे?" हे माझंच. गुडघ्याच्या पट्ट्यासाठी "जिना चढताना हा आवाज येतो का?" हेही माझंच, आणि ते ऐकून माझ्या सख्ख्या काकांनी तो पट्टा घेतला. ताई म्हणते, तुझं काम म्हणजे लोकांच्या दारावरची बेल वाजवून पळून जायचं. मला राग येतो, पण तिचं चुकतंय असंही म्हणता येत नाही.

ऑफिसात दिवसभर माझ्यासमोर एक आलेख असतो. व्हिडिओ सुरू होताना बघणाऱ्यांची रेघ वर असते आणि तिसऱ्या सेकंदाला ती धाडकन खाली येते. आम्ही त्या जागेला कडा म्हणतो. कड्यावरचा उपाय आमच्या बॉस मॅडमनी आमच्याकडून घोकून घेतलाय: सतत काहीतरी बदला. चित्र बदला, आवाज बदला, रंग बदला, समोरच्याला कंटाळायला सवड म्हणून देऊ नका. हे माझ्या इतकं अंगवळणी पडलंय, की जेवताना कुणी घास चावत जरा गप्प बसलं तरी मी घाईघाईनं दुसरा विषय काढतो.

तर अशा माणसाची भाची ही गुंडी. नाक शर्टाच्या गुंडीएवढं, म्हणून मी गमतीनं म्हणायला लागलो आणि तेच नाव घरभर झालं. ती जन्मली तीच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन. हा म्हाताऱ्यांचा आजार बाळांनाही होतो हे आम्हाला तेव्हा कळलं. डोळ्यांतली बाहुली काळीभोर असायची, ती पांढुरकी. उजेड आणि अंधार यापलीकडे तिला काही दिसत नसणार, असं डॉक्टर म्हणाल्या. मग ऑपरेशनं झाली, दोन्ही डोळ्यांतली ढगाळ भिंगं काढली, आणि भिंगाचं काम करायला जाड काचांचा इवलासा चष्मा आला. तो पट्ट्यानं डोक्याला बांधला तेव्हा काचांआडून तिचे डोळे एवढे मोठे दिसायला लागले, की भावोजींना हसावं की रडावं कळेना.

मी मोबाइल रोखून तयार होतो. असे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत. चष्मा लागतो, बाळ थबकतं, आईकडे बघतं, हसतं, आणि मग आपण सगळे डोळे पुसतो. आमच्या ऑफिसात एका चष्म्याच्या दुकानाच्या जाहिरातीचं काम चालू होतं आणि त्यांना नेमकं असंच काहीतरी हवं होतं. ताईनं परवानगी दिली होती. तिलाही तो क्षण जपून ठेवायचा होता.

चष्मा लागला. ताई वाकून म्हणाली, गुंडे, ही बघ मी. गुंडीची नजर छतावर होती, तिथून ती दाराकडे गेली आणि तिथून कुठेच नाही. ताईनं पुन्हा हाक मारली, मग सरळ उभी राहून तिनं तोंड फिरवलं. भावोजींनी उजवीकडून खुळखुळा वाजवला, मग डावीकडून किल्ल्या. मी पिवळी पिशवी हलवली. शेवटी ती भोकाड पसरून चष्मा ओढायला लागली.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. डोळे आता ठीक आहेत, पण बघणं हे एकट्या डोळ्यांचं काम नाही. मेंदूला ते शिकावं लागतं आणि शिकायचं वय हेच आहे. हातभर अंतरावर चेहरे दाखवा, वस्तू दाखवा, वेळ द्या. पुढच्या खेपेला तिची नजर कुणाच्या तरी चेहऱ्यावर ठरायला हवी.

"नाही ठरली," त्या म्हणाल्या, "तर मग आपण वेगळं बोलू."

ते 'वेगळं बोलू' आमच्याबरोबर घरी आलं. त्याचा अर्थ काय, हे कुणी कुणाला विचारलं नाही. भावोजी कामाला जाताना दारातून परत येऊन एकदा गुंडीच्या डोळ्यांत वाकून बघायचे आणि निघून जायचे.

मी मात्र कंबर कसून कामाला लागलो. माणसांची नजर खेचणं हा माझा पेशा, मग घरच्या माणसाची खेचता येऊ नये? मी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे पुठ्ठे कापले. लाल चेंडू आणला, टॉर्च आणली, दोरीला बांधून चमचे आणले. पुठ्ठा दाखव, नाही बघितला, फेक, चेंडू. चेंडू नाही, टॉर्च. मध्येच मी कोंबड्यासारखा ओरडायचो. गुंडी शांतपणे छताकडे बघत राहायची. आजवर इतका निर्विकार प्रेक्षक मला भेटला नव्हता, आणि मी हे ताईला हसून सांगितलं तेव्हा ती हसली नाही.

ताईचं काहीतरी बिनसत चाललं होतं. ती गुंडीला न्हाऊ घालायची, दूध पाजायची, झोपवायची, पण तिच्यासमोर बसायची वेळ आली की उठायची. कपडे वाळत घालायचेत, गॅसवर काहीतरी आहे, तू दाखव तिला. शेवटी मीच तिला थांबवून विचारलं. ती दाराच्या कडीशी खेळत उभी राहिली.

"तिची नजर माझ्यावरून जाते ना," ती म्हणाली, "भिंतीवरून जावी तशी. मला नाही बसवत रे तिच्यासमोर."

मी खाली पडलेले पुठ्ठे गोळा करायला लागलो. एरवी मला पहिलं वाक्य सुचायला वेळ लागत नाही.

डॉक्टरांकडे जायचा दिवस जवळ आला होता आणि त्यातच मॅडमनी त्या व्हिडिओचं विचारलं. मी म्हटलं, त्यात काही झालंच नाही. त्या म्हणाल्या, एवढं घेतलंयस तर कामापुरते तीन सेकंद निघतीलच, शोध. मला राग आला, पण मी शोधायला बसलो, कारण मलाही एक खोटं हवं होतं. कुठेतरी एखाद्या क्षणी ती चुकून ताईकडे बघतेय असं दिसलं असतं, तर तेवढंच कापून मी ताईला दाखवणार होतो.

आमच्या संगणकावर व्हिडिओ अगदी सावकाश, एकेक चित्र करून पुढे नेता येतो. मी खुळखुळ्यापासून सुरुवात केली. उजवीकडे खुळखुळा वाजतोय. गुंडीची नजर छतावर. खुळखुळा थांबला, भावोजींचा हात मागे गेला. आणि मग, सगळं आटोपल्यावर, तिची नजर हलली. ती छतावरून निघाली, उतरताना चुकली, भरकटली, परत आली, आणि जिथे खुळखुळा होता तिथे येऊन पोचली. तिथे काहीच नव्हतं. तोवर आम्ही डावीकडे किल्ल्या वाजवत होतो.

मी किल्ल्या बघितल्या. किल्ल्या गेल्या आणि नजर आली. पिशवी गेली आणि नजर आली. मग मी मागे जाऊन ताईचा भाग लावला. ताई वाकली, हाक मारली, पुन्हा हाक मारली, उभी राहून तोंड फिरवलं. तिचा चेहरा चित्रातून निघून गेला, आणि गुंडीचे ते काचांआडचे मोठाले डोळे दाराकडून हळूहळू वळून, ताईचा चेहरा होता त्या जागी येऊन थांबले. रिकाम्या हवेत.

ती येत होती. दर वेळी येत होती. ती पोचेपर्यंत आम्हीच तिथून निघून गेलेलो असायचो.

मी कितीतरी वेळ ते पुन्हापुन्हा लावून बघत बसलो. बघणं म्हणजे काय हे त्या पोरीला कुणी सांगितलेलं नाही. जगात बघण्यासारखं काही असतं, याचीही तिला कल्पना नाही. तरी कुठेतरी काहीतरी हललं, एवढ्यावर ती निघते. रिकाम्या जागी पोचते आणि पुढच्या वेळी पुन्हा निघते. इतक्या वर्षांत मी हजारो माणसांच्या नजरा मोजल्या, पण नजर कुठून निघते आणि पोचायला तिला काय काय पार करावं लागतं, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. मला तिच्याबद्दल, तेवढ्याशा जिवाबद्दल, चक्क आदर वाटला. हात जोडावेत असा.

मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. मी त्यांना ताईचा भाग दाखवला. त्यांनी तो परत लावायला सांगितला आणि शेवटपर्यंत पाहिला. मग त्यांनी माझी बॅग खुर्चीवरून उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, घरी जा. त्या व्हिडिओचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. भावोजी सुट्टीवर होते. ताई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला मोबाइलवर तेवढाच तुकडा दाखवला. आधी तिला कळलं नाही, ती म्हणाली, यात तर मी उठून जातेय. मी म्हटलं, तू गेल्यानंतरचं बघ. तिनं बघितलं. हातातला टॉवेल तसाच राहिला.

"म्हणजे ती आली होती," ताई म्हणाली, "आणि मी नव्हते."

मी म्हटलं, आत्ता बस.

पंखा बंद केला. पडदा हलत होता, त्याला गाठ मारली. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला. भावोजींना दाराशी उभं केलं आणि हूं की चूं करायचं नाही म्हणून बजावलं. ताई पांढऱ्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली. तिच्यासमोर हातभर अंतरावर मी मांडी घातली आणि गुंडीला चष्म्यासकट मांडीत घेतलं, तिची पाठ माझ्या पोटाशी, तोंड ताईकडे. हाक मारायची नाही, हसायचं नाही, हलायचं नाही. नुसतं असायचं.

मग काहीच झालं नाही. इतकं काही न होणं मला सोसत नव्हतं. डोळ्यांसमोर तो आलेख येत होता, रेघ कड्यावरून केव्हाच खाली गेलेली. जीभ वळवळत होती. टाळी वाजवावी, चुटकी वाजवावी, निदान खाकरावं. गुंडीचं डोकं माझ्या हनुवटीखाली डुलत होतं, उजवीकडे, डावीकडे, वर. ताई समोर बसली होती आणि तिचा चेहरा पार घाबरलेला होता. ती आत्ता उठणार असं मला दोनदा वाटलं. ती उठली नाही. माझ्या पायाला मुंग्या यायला लागल्या.

आणि मग गुंडीचं डोकं डुलायचं थांबलं.

तिचे डोळे मला दिसत नव्हते. मला दिसत होता तो ताईचा चेहरा. तो हलला नाही, पण त्यातली भीती कुणीतरी अलगद उचलून न्यावी तशी गेली. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं, नाकाच्या कडेनं ओघळलं, हनुवटीवर येऊन लोंबकळलं. तिनं ते पुसलं नाही. हात उचलला तर कुणीतरी दचकून निघून जाईल, म्हणून ती ते पडू देत होती. दाराशी भावोजी ओठ घट्ट मिटून उभे होते. गुंडीचा श्वास माझ्या तळहाताला जाणवत होता, संथ, एकसारखा. आपण फार मोठ्या कशाच्या तरी अगदी जवळ बसलोय, एवढंच मला कळत होतं.

हे किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मोजायचं सुचलंच नाही. शेवटी गुंडीला शिंक आली, आम्ही सगळेच दचकलो, भावोजी हसता हसता तिथेच खाली बसले. ताईनं लेकीला माझ्या मांडीवरून ओढून घेतलं आणि तिच्या मानेत तोंड लपवलं. जरा वेळानं मान वर करून तिनं मला विचारलं, पाहिलंस ना?

मी म्हटलं, मला फक्त तिचं टाळकं दिसत होतं. काय झालं ते तू सांग.

ताईनं ओल्या हनुवटीवरून हात फिरवला.

"आधी तिनं माझा भांग पाहिला," ती म्हणाली.

मी पाय चोळायचा थांबलो. भावोजीही सरकत जवळ आले. भांगावरून ती पुन्हा छताकडे गेली, ताई सांगत होती, मला वाटलं, संपलं. पण परत आली. कपाळावर आली. एका भुवईवर कितीतरी वेळ थांबली, मग पुन्हा हरवली, मग खाली आली. सांगताना ताई ज्या त्या जागी बोट लावून दाखवत होती, भांगाला, कपाळाला, भुवईला, जणू तिलाही आपला चेहरा आजच सापडत होता.

"आणि मग?" भावोजींनी विचारलं.

"मग माझ्या डोळ्यांत बघितलं," ताई म्हणाली. "मी दिसले रे तिला."