जिवंत खुशालरावांचं सुतक

नवरात्राच्या पाचव्या माळेला पौर्णिमाच्या लक्षात आलं, की आपल्या गल्लीतल्या बायका आपल्याकडची फुलं घेईनाशा झाल्या आहेत.

बाहेरचं गिऱ्हाईक नेहमीसारखं येत होतं. पण रोज 'माळेची फुलं बाजूला काढून ठेव वं' असं सांगून जाणाऱ्या गल्लीतल्या बायका मान खाली घालून तिच्या समोरून जात आणि चौकातल्या दुसऱ्या दुकानावर उभ्या राहत. एकीनं तर जाता जाता डोळ्याला पदर लावला आणि 'सांभाळ बाई स्वतःले' म्हणाली. पौर्णिमाला वाटलं, आपलं तोंड फारच उतरलेलं दिसत असेल. तसं ते उतरलेलं होतंच. अकोल्याच्या जुन्या शहरात, राजेश्वराच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं फुलांचं दुकान होतं आणि बाळापूर रोडला दोन एकरांचा मळा. मळा नवरा, सागर, पाहायचा, दुकान ती पाहायची. गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, दसरा, दिवाळी, मग लगीनसराई. साऱ्या गावाला सण आले की या घराला जेवायला फुरसत नसे. आरशात पाहायला कुठून असणार?

या सगळ्या धबडग्यात तिला एकाच गोष्टीचा आधार होता, तो म्हणजे तिची नऊ वर्षांची रागिणी. पोर म्हणजे सोनं. स्वतःची वेणी स्वतः घालते, डबा स्वतः भरते, शाळेतून आली की कुलूप उघडून जेवून घेते, अभ्यासाला बसते. कशाचा हट्ट नाही, कशासाठी रडणं नाही. दुकानावर आलेल्या प्रत्येकीला पौर्णिमा कौतुकानं सांगायची, "मायी रागिणी लई समजदार हाये. काईच मांगत नाई." सांगताना तिचा ऊर भरून यायचा. यात काळजी करण्यासारखं काही असेल, असं तिच्या मनातही कधी आलं नव्हतं. दमलेल्या आईबापाला जिवाला बरं वाटेल तेवढंच दिसतं, त्याला कोण काय करणार.

त्या दिवशी दुपारी माणिकबाई आल्या. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या या बाईंनी मोडत चाललेली भुलाबाई पुन्हा उभी केली होती. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या मुली रोज पाळीपाळीनं एकेका घरी जमायच्या, मातीच्या भुलाबाईपुढे टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायच्या आणि शेवटी त्या घरच्या आईनं झाकून ठेवलेली खिरापत ओळखायच्या. डबा हलवून, कान लावून, वास घेऊन. लवकर ओळखली की त्या घरची फजिती, ओळखता आली नाही की त्या घरच्या मुलीची मान वर.

माणिकबाई दुकानापासून चार हात लांबच उभ्या राहिल्या. फुलांना हात लावला नाही.

"पौर्णिमा, राग मानू नको," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोटापान्याचं समजते मले. पन सुतकात देवाची फुलं इकून राहिली तू. बायका बोलून राहिल्या."

"कोनाचं सुतक, मावशी?"

"कोनाचं काय? खुशालरावाचं. सागरचे अमरावतीचे काका. तुया रागिणीनंच सांगतलं पोरींले. म्हून तं तुमच्या घरची पारी सोडली आमी."

पौर्णिमाच्या हातातला दोरा तसाच राहिला. अमरावतीचे काका गेले आणि आपल्याला ठाऊक नाही? तेवढ्यात सागर मळ्यातून झेंडूची पोती घेऊन आला, तो फोन कानाला लावूनच. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यानं फोनचा स्पीकर चालू केला.

"सागर, मी कवा मेलो रे?" पलीकडून खणखणीत आवाज आला. तो खुशालरावांचाच होता. "सकाळपासून अकोल्याच्या सोयऱ्यायचा फोन वाजून राहिला. एक बाई तं मलेच इचारते, दहावा कुठं हाये म्हून. म्या म्हटलं, कळलं तं मले बी सांगा, येतो."

माणिकबाईंनी तोंडाला पदर लावला. सागर चाचरत म्हणाला, "काका, आमच्या पोरीनं काईतरी सांगतलं दिसते. येऊ द्या घरी, पायतो तिले."

"हात लावू नको तिले," खुशालराव म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "बाकी, बरंच केलं तिनं. साऱ्या सालात एवढ्या लोकायनं मायी चौकशी केली नव्हती."

सागरला हसू आवरेना. पौर्णिमाला मात्र हसू आलं नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. देवाधर्माचे दिवस, चार लोकांत शोभा, आणि तीही या पोरीनं करावी, जिचे गोडवे गाताना आपली जीभ थकत नाही. "तुमी बसा दुकानावर," ती सागरला म्हणाली आणि तरातरा घराकडे निघाली.

रागिणी सकाळच्या शाळेतून आली होती. ताट धुऊन पालथं घातलेलं, गणवेश खुंटीला अडकवलेला. आईला दारात पाहताच ती एकदम उठून उभी राहिली.

"कोनाले काय झालं?" तिनं विचारलं. "बाबाले लागलं काय?"

पौर्णिमा उंबऱ्यावरच थबकली. आई भरदुपारी घरी आली, म्हणजे कोणाला तरी काहीतरी झालेलंच असणार, असा या पोरीचा हिशेब होता. तो चूक होता असं तिला म्हणता येईना.

"कोनाले काई नाई झालं. खुशाल आजोबाले कावून मारलं तू?"

रागिणीनं खाली पाहिलं. पायाच्या अंगठ्यानं फरशी घासली. मग एकेक शब्द तोलून म्हणाली, "सुतक असलं की पारी चुकली तरी कोनी रागवत नाई. मागच्या साली सीमाच्या घरी होतं, तं साऱ्या म्हने, जाऊ दे, पुढच्या साली करू. तिच्या आईलेबी कोनी नावं नाई ठेवले."

"मंग मले सांगायचं ना, की आपली पारी हाये."

"सांगतलं होतं. तू म्हने, हो, पाहू. मंग अजून एक डाव सांगतलं. तू म्हने, माये हात दिसत नाई काय तुले? मंग म्या पायले तुये हात."

पौर्णिमानं नकळत हात पाठीमागे नेले. दोऱ्यानं बोटांना पडलेल्या चिरा, नखांत बसलेला झेंडूचा हिरवा-काळा डाग. असे हात तिच्या आईचेही होते.

"भांडायचं मायासंग. रडायचं. बाकीच्या पोरी नाई काय रडत?"

"रडली असती तं तू करून देलं असतं," रागिणी म्हणाली. "मंग तुले झोपच नसती भेटली."

एक शिवी, एक धपाटा, जे काही पौर्णिमा वाटभर घोळवत आली होती, ते कुठल्या कुठे गेलं. आईवर विश्वास नाही म्हणून पोरीनं खोटं सांगितलं असतं, तर ती खुशाल रागावली असती. इथं उलटंच होतं. आई करणार, मरमरून करणार, हे पोरीला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच तिनं अख्खा माणूस मारून आईची एक संध्याकाळ वाचवली होती.

"आन् आजोबाच कावून?" काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं.

"ते दूर रायतात. आन् म्हातारेच हायेत."

आता मात्र पौर्णिमाला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू कोसळलं. रागिणी घाबरली. पाणी आणायला धावली. पेला भरून आणला, आईच्या हातात दिला, आईचे डोळे पुसायला फ्रॉकची कड पुढे केली. ते सगळं ती इतक्या सराईतपणे करत होती, की पौर्णिमाला स्वतःचं लहानपण आठवलं. तिची स्वतःची आई भाजीच्या वाडीत दिवसभर राबायची आणि आल्यागेल्याला सांगायची, मायी पौर्णिमा लई समजदार. त्या एका शब्दावर पौर्णिमानं सारं लहानपण काढलं. लग्नात पाठवणीला ती रडली नाही, त्याचंही कौतुक झालं. आजही डोकं ठणकत असलं तरी ती सागरला सांगत नसे. मागायचं कसं असतं, ते तिलाच कोणी शिकवलं नव्हतं, मग ती पोरीला काय शिकवणार?

तिन्हीसांजेला मायलेकी माणिकबाईंकडे गेल्या. खरं काय ते रागिणीनं स्वतः सांगितलं, तोंड पाडून, पण सगळं. माणिकबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "पारी तं तुले भेटनच. नवमीचा एक दिवस खाली हाये, कोनाची पारी नाई, पन दुसऱ्या दिवशी दसरा, तुमच्या कामाचा. दसऱ्यानंतर पाहू."

"हो, दसऱ्यानंतरच," रागिणी लगेच म्हणाली. "आईले काम असते."

दसऱ्यानंतर दिवाळी होती आणि दिवाळीनंतर लग्नं. पौर्णिमानं आजवर पोरीला दिलेले सगळे 'नंतर' तिला एकदम आठवले. "नाई मावशी," ती म्हणाली. "नवमीलेच या."

सागरला हे कळलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. झेंडूचा खरा बाजार नवमीच्या संध्याकाळीच. "दुसऱ्या दिवशी दसरा, आन् तू घरी बोंडं तळत बसनार?" तो म्हणाला. "मले हार बांधता येते काय?"

"सुटी फुलं इका," पौर्णिमा म्हणाली. "जे इकलं जाईन ते जाईन." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच बोलल्यासारखं, म्हणाली, "मी थकली हावो जी. मले बी एक संध्याकाळ पायजे."

सागरनं तिच्याकडे नीट पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगता समजेल इतका तो शहाणा नव्हता. "बरं," तो म्हणाला.

नवमीला पौर्णिमानं कोहळ्याची बोंडं केली, गुळाची गोड भजी. सवय मोडली होती. गूळ जास्त पडला, पहिला घाणा करपला, धुरानं घर भरलं. वास बाहेर जाऊ नये म्हणून तिनं डबा दोन फडक्यांत बांधला आणि तांदळाच्या कोठीत दडवला. मुली आल्या, गाणी झाली, टिपऱ्यांनी घर दणाणलं. मग खिरापत आली. शेव, चिवडा, लाडू, पेढे, करंज्या, सगळी नावं घेऊन मुली हरल्या. डबा उघडला तेव्हा एकच गलका झाला आणि रागिणीची मान खरोखरच वर गेली. पण मध्येच, डबा हातोहात फिरत असताना, पौर्णिमानं तिला शेजारच्या मुलीच्या कानात बोलताना ऐकलं होतं. "लवकर ओयखा ना. माया आईले दुकानावर जायचं हाये."

"कुठंच नाई जायचं मले," पौर्णिमा म्हणाली होती. रागिणीनं मान डोलावली होती, लहान लेकराचं मन राखायला मोठी माणसं डोलावतात तशी.

पौर्णिमाला ते लागलं. एका संध्याकाळी, एका डब्यात सगळं फिटेल असं तिनं मनाशी धरलं होतं. तसं ते फिटणार नव्हतं. इतक्या वर्षांची सवय पोरीला लागली होती, ती चार बोंडांनी कशी जाईल?

दसऱ्याला उजाडता उजाडता सागरनं गाडी दारात लावली. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. पौर्णिमानं फुलांची पाटी उचलली, चपला घातल्या. रागिणी अंथरुणात उठून बसली होती. दर दसऱ्याला ती पडल्या पडल्या हात हलवायची आणि कूस बदलून झोपायची. आज तिनं हात हलवला नाही.

"नको जाऊ," ती म्हणाली.

इतकं हळू, की पौर्णिमाला आधी भास वाटला.

"काय म्हटलं?"

"नको जाऊ!" आणि मग जो बांध फुटला तो फुटला. रागिणीनं धावत येऊन आईच्या साडीला मिठी मारली, पाटी ओढून खाली पाडली, झेंडू घरभर झाला. ती पाय आपटत होती, हुंदके देत होती. मागच्या दसऱ्यालाही गेली, दिवाळीलाही गेली, माझ्या वाढदिवसाला रात्री आली, शाळेत गॅदरिंगला सगळ्यांच्या आया आल्या, बोंडं कडू होते, मी खोटंच सांगितलं छान झाले म्हणून.

आवाज ऐकून शेजारची दारं उघडली. माणिकबाई लगबगीनं आल्या आणि अंगणातूनच ओरडल्या, "पौर्णिमा, काय झालं वं पोरीले?"

"काई नाई, मावशी," पौर्णिमानं आतून सांगितलं. तिचा चेहरा उजळला होता. "हट्ट करून राहिली."

बाहेर सागरनं हॉर्न वाजवला. तिनं खिडकीतून त्याला खूण केली, तुमी व्हा पुढं, मी मागून येते. दुकानावर जावं तर लागणारच होतं. पोट कोणाला चुकलंय. पण आत्ता नाही. तिनं चपला काढल्या, सांडलेल्या झेंडूत फतकल मारली आणि रडून रडून लाल झालेल्या लेकीला मांडीवर घेतलं.

"आन् अजून?" ती म्हणाली. "अजून सांग."