बाहेरून कडी

त्या पत्राचं उत्तर राहून गेलं, असं काका अकरा महिने स्वतःला समजावत होते. खरं तर राहून काही गेलं नव्हतं. त्यांनी ते दिलं नव्हतं.

पत्र वहीच्या कागदावर लिहिलेलं होतं. लिहिणारी कापडाच्या दुकानात कामाला होती. तिचा दादा छत्तीस वर्षांचा, पण समज सहा-सात वर्षांच्या मुलाएवढी. अशा मोठ्या माणसांचा एक वर्ग दर बुधवारी सभागृहात भरायचा, तिथे ती त्याला सोडून कामावर जायची. तिनं लिहिलं होतं, ‘हल्ली दादा न्हाणीघराचं दारसुद्धा लावू देत नाही. दार लोटलं की ओरडत सुटतो. काय झालं ते त्याला सांगता येत नाही. वर्गाच्या बाई म्हणतात, घरातच काहीतरी घडलं असेल, आणि आमचे नातेवाईकही आता माझ्याकडे तशा नजरेनं बघतात. तुमच्या सभागृहात बाहेरून कडी लागेल अशी एखादी खोली आहे का? एवढंच कळवा.’

एवढंच कळवायचं होतं, आणि काकांना उत्तर पत्र वाचतानाच ठाऊक होतं.

काकांची सारी नोकरी वाचनालयात गेली होती. माणसांपेक्षा पुस्तकांच्या पाठी त्यांना जास्त ओळखीच्या. निवृत्तीनंतर घरात बसून काय करायचं म्हणून त्यांनी वस्तीच्या सभागृहाच्या किल्ल्या सांभाळायचं पत्करलं. काम सोपं होतं. ज्यांनी दिवस ठरवला त्यांना किल्ल्यांचा जुडगा द्यायचा, संध्याकाळी परत घ्यायचा. जुडगा अख्खा द्यायचा, एकेक किल्ली सुटी करायची नाही, ही तिथली जुनी रीत. समोरच्या दाराची, स्वयंपाकखोलीची, मागच्या खुर्च्यांच्या खोलीची, सगळ्या किल्ल्या एका कड्यात. जुडगा दिला की आपलं काम संपलं, असं सभागृहाचे अध्यक्ष सांगायचे आणि काकांना ते मनापासून पटायचं.

उत्तर लिहायला ते बसले नव्हते असं नाही. ‘आपले पत्र पावले’ इथपासून सुरुवात करून त्यांनी किती कागद खराब केले त्याची गणती नव्हती. एका खर्ड्यात ‘खेद’ शब्द होता, तो त्यांना थंड वाटला. दुसऱ्यात ‘क्षमा’ होता, तो वाचून वाटलं, आपण कोण लागून गेलो क्षमा मागणारे? बायको एकदा म्हणाली होती, “अहो, तिनं एक प्रश्न विचारलाय. तुम्ही ग्रंथ कसला लिहिताय?” मग त्यांनी पत्र अध्यक्षांना दाखवलं. अध्यक्ष माणूस वाईट नव्हता, फक्त सही करायला घाबरायचा. ते म्हणाले, लेखी काही देऊ नका, आपण जागा देणारे, आत कोण काय करतं त्याच्याशी आपल्याला काय करायचंय. काकांना बरं वाटलं. पुढे रंगकामासाठी सभागृह बंद झालं, वर्ग दुसरीकडे गेला, आणि पत्र टेबलाच्या खणात खाली खाली जात राहिलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी अध्यक्षांनाच काय, बायकोलाही सांगितली नव्हती.

पत्र येण्याच्या आधी एका बुधवारी ते चष्मा विसरले म्हणून दुपारीच सभागृहात परतले होते. मंडळी कागद चिकटवत बसली होती. मागच्या खोलीच्या दारावर आतून कुणीतरी हलक्या हातानं थापा मारत होतं. काकांची पावलं ऐकून थापा थांबल्या आणि आतून आवाज आला, “काका, पेपर आला?”

दर बुधवारी दारात हाच प्रश्न विचारणारा एकच माणूस होता, पत्र लिहिणारीचा दादा. त्याला वाचता येत नव्हतं. काका वर्तमानपत्र त्याच्या हातात द्यायचे आणि तो ते उलटं-सुलटं धरून भिंतीशी बसून राहायचा. त्या वर्गात काकांची ओळख होती ती तेवढ्या एकाशी.

वर्गाच्या बाई लगबगीनं पुढे आल्या. गोड बोलणारी, दमलेली बाई. एकटी चौदा मोठी माणसं सांभाळायची, काकांना तिच्याविषयी आदर होता. “लपाछपी चाललीय हो,” ती म्हणाली. “त्याला फार आवडतं तिथे लपायला.” लपाछपीत बाहेरून कडी कोण लावतं, हे काकांच्या मनात आलं होतं. पण चारचौघांत बाईला उलट विचारायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. त्यांनी चष्मा उचलला, तो डोळ्यांवर न चढवता खिशात टाकला आणि ते घरी आले.

आता रंगकाम आटोपलं होतं. मंगळवारी सकाळी अध्यक्षांचा फोन आला, उद्यापासून वर्ग पुन्हा आपल्याकडे. काका चाचरत म्हणाले, ती मागची खोली... ते पत्र...

“अजून तेच घेऊन बसलात?” अध्यक्ष हसले. “असं करा, कडी काढून टाका. मग लिहा तिला बिनधास्त, अशी खोली आमच्याकडे नाही म्हणून. खोटंही नाही, खरंही नाही. विषय मिटला.”

काकांना हे इतकं सोयीचं वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली. तरीही ते घरातला पेचकस पिशवीत घालून निघाले.

सभागृहात झाडलोट करणाऱ्या मावशी फरशी पुसत होत्या. काका मागच्या खोलीच्या दारापुढे बराच वेळ उभे राहिले. कडी जुनी, जड होती. दिव्याचं बटणही बाहेरच होतं, हे इतक्या वर्षांत त्यांनी कधी लक्षात घेतलं नव्हतं.

“मावशी,” ते म्हणाले, “मी आत जातो. तुम्ही बाहेरून कडी लावा आणि दिवा घालवा. थोड्या वेळानं उघडा.”

“या वयात हे काय खूळ?” मावशी म्हणाल्या. “काकू मला विचारतील, नवऱ्याला कुठं कोंडलंस म्हणून.” पण काकांचा चेहरा बघून त्यांनी हात पुसले.

आत खुर्च्यांच्या उतरंडी छातीपर्यंत होत्या, मधे एक माणूस उभा राहील एवढीच जागा. काळोख डोळ्यांना टेकल्यासारखा झाला. काकांनी ठरवलं होतं, शांत उभं राहायचं, शंभरपर्यंत मोजायचं. चाळिसाच्या आसपास आकडे चुकले. मावशी आपल्याला विसरल्या तर नाहीत? हा विचार मूर्खपणाचा आहे हे त्यांना कळत होतं आणि तरी त्यांचा हात दारावर थापा मारत होता. तो कधी सुरू झाला ते त्यांना समजलं नाही.

दार उघडलं तेव्हा त्यांची बंडी घामानं भिजली होती.

“किती वेळ झाला?”

“बादलीतलं पाणी बदलून आले तेवढाच.”

“थापा ऐकू येत होत्या?”

“मागच्या नळापर्यंत.” मावशी फडक्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्याच्याही यायच्या.”

काका खुर्चीवर बसले. मावशींनी सांगितलं ते असं. दर बुधवारी नव्हे, पण पाच-सहा वेळा तरी. तो मोठ्यानं गायला लागला की बाकीचे बिथरायचे, मग बाई त्याला आत घालायच्या. कधी अर्धा तास, कधी जेवणाच्या सुट्टीपर्यंत. बाई नंतर त्याला बिस्किट द्यायच्या, डोळे पुसायच्या. स्वतःचेही पुसायच्या.

“मग तुम्ही कधी बोलला कशा नाहीत?”

“मी?” मावशींच्या आवाजात राग नव्हता. “किल्ल्या तुमच्या हातच्या, काका. मला वाटलं, तुम्हाला ते चालतंय.”

मग काकांनी पेचकस काढला. स्क्रू गंजलेले, त्यांच्या हातात जोर नव्हता, तेव्हा मावशींनी तो घेतला आणि एकेक करून चारही काढले. कडी काकांनी रुमालात बांधली. ते सभागृहातल्या टेबलाशी बसले, खणातून कोरा कागद काढला आणि या वेळी खर्डा न करता लिहिलं.

‘आहे. मागे खुर्च्यांची खोली आहे. तिला बाहेरून कडी होती आणि दिव्याचं बटणही बाहेर आहे. एका बुधवारी तुमचे दादा आत होते. त्यांनी मला हाक मारली. मी ऐकली आणि काही न करता घरी गेलो. किल्ली मीच दिली होती. असं पाच-सहा वेळा झाल्याचं इथे काम करणाऱ्या मावशींनी पाहिलं आहे. कडी आज आम्ही दोघांनी काढली. ती माझ्याकडे आहे, दाराला चार भोकं आहेत, येऊन पाहा. तुमच्या घराला कुणी दोष देत असेल त्यांना हे पत्र दाखवा. तुम्ही म्हणाल त्यांच्यासमोर मी हेच सांगेन.’

त्यांनी ते मावशींना वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, “माझाही अंगठा घ्या की.” काकांनी शाईची डबी पुढे केली.

मग त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. उद्या जुडगा बाईंना मिळणार नाही, ते म्हणाले. वर्ग घ्यायचा असेल तर सगळी दारं उघडी राहतील, मदतीला दुसरं माणूस हवं, आणि मी दिवसभर आत बसेन. या वेळी त्यांची वाक्यं अर्धवट राहिली नाहीत.

“मग किल्ल्या माझ्याकडे आणून द्या,” अध्यक्ष म्हणाले.

“देतो,” काका म्हणाले. “पण बाईंना जुडगा तुम्ही दिलात, तर दादाच्या बहिणीला तेही लिहीन. आधी हे पत्र टाकून येतो.”

टपाल कचेरीत गर्दी नव्हती. खिडकीतल्या मुलीनं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत सरकवलं.

“आजोबा, पाठवणाऱ्याचा पत्ता राहिलाय.”

काकांनी पेन उघडलं. सवयीनं त्यांच्या हातून सभागृहाचं नाव लिहिलं गेलं. त्यांनी ते खोडलं, आणि खाली सावकाश, नीट वाचता येईल अशा अक्षरात, स्वतःचं नाव आणि घराचा पत्ता लिहिला.

मुलीनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.