जेवणानंतरचे दोन तास

"दोनशे चौऱ्याहत्तर? मशीनच बिघडलंय मेलं!"

तिने नवऱ्याचं बोट ओल्या फडक्याने पुसलं, कोरडं केलं आणि दुसऱ्या बोटाला टोचलं. दोनशे एकाहत्तर. मग स्वतःच्या बोटाला. एकशे बारा. मशीन ठणठणीत होतं.

बावीस वर्षं लॅबमध्ये लोकांचं रक्त काढणारी ही बाई आज सुट्टीमुळे घरी होती. लॅबचं साखर मोजायचं नवं मशीन वापरून बघायला आणलेलं. जेवून दोन तास झाले तरी नवरा खुर्चीत घोरत होता, म्हणून गमतीने टोचलं.

"काय गं?" आता कुठे तो दचकून उठला. "आधी पाणी दे."

पाणी! दिवसभर घसा कोरडाच. तरी हिच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. दर सहा महिन्यांनी ती त्याची साखर तपासायची, पण पहाटे, उपाशीपोटी, कारण सातला लॅब उघडायची. दरवेळी आकडा चांगला. रात्रभरात त्याची साखर खाली यायची, जेवल्यावर मात्र भलतीच चढायची आणि डोळे मिटायला लागायचे. 'जेवणानंतरचीही बघा हो,' असं ती लॅबच्या खिडकीतून रोज दहा जणांना बजावायची. घरातल्या माणसाला तेवढं विसरली.

तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दुपारच्या मुद्रितांत चुका राहू लागल्या, मालकाने दोनदा पेंगताना पकडलं आणि घरी बसवलं. तेव्हा ती त्याची बाजू घ्यायची सोडून व्याह्यांसमोर म्हणाली होती, "आमचं अजगर! गिळलं की आडवं." सगळे हसले. तोही हसला होता.

ते हसणं आठवलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, जेवणानंतरची साखर वाढलीय तुमची. उद्या लॅबमध्ये नीट तपासू, डॉक्टरांना दाखवू." तिची मान वर होईना. "झोप त्यानेच येत असणार. मला कळायला हवं होतं हो. मलाच."

त्याने बोटावरचा लाल ठिपका पाहिला.

"म्हणजे मी आळशी नव्हतो?"

"नाही हो."

"व्याह्यांना सांगशील?"

तिने डोळे पुसले आणि फोन लावला. पलीकडे घंटी वाजत होती तोवर त्याने सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि तो खुर्चीत ताठ बसला.